इपॉक्सीच्या दोन हातांच्या मध्ये

प्लायवूडच्या होडीला इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या लेपाचा, एक हात देण्यास अर्धा तास पुरतो, पण तो हात आणि त्याच्यावरचा पुढचा हात यांच्या मधल्या वेळात पृष्ठभागाचे काय केले जाते, यावर त्या होडीचे आयुष्य ठरते. माझ्या पहिल्या होडीच्या तळाला मी दुसरा हात दिला तो ॲसिटोनचे फडके फिरवून, आणि पृष्ठभाग स्वच्छ झाला असे समजून. काम सुंदर दिसत होते. एका पावसाळ्यानंतर तळाच्या एका कडेला नख घातले, तर वरचा थर कांद्याच्या सालीसारखा तळहाताएवढा सुटून आला, आणि त्याखालचा थर पहिल्या दिवशी होता तसाच चकचकीत निघाला. दोन्ही थर आपापल्या जागी उत्तम कडक झाले होते, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख झाली नव्हती. पुढे लिहिले आहे ते त्यानंतर शिकलेले आहे.

सोयीसाठी एक नेमकी होडी डोळ्यांसमोर ठेवू. ती चौदा फुटी आहे, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या सहा मिलिमीटर मरीन प्लायची आहे, तिच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांच्या कोनांत आतून इपॉक्सीच्या घट्ट लेपाचे फिलेट भरलेले आहे, आणि बाहेरून तिला दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे काचकापड चढवायचे आहे. अशा होडीला बाहेरून साधारण पाच हात लागतात: कोऱ्या लाकडात मुरणारा पहिला, कापड भिजवणारा दुसरा, आणि कापडाची वीण बुजवणारे दोन किंवा तीन. शेड कोकणातल्या खाडीकाठची, पत्र्याच्या छपराची आणि बाजूंनी उघडी आहे, हेही लक्षात ठेवावे, कारण हवेचा प्रश्न पुढे येणारच आहे.

पॉलिएस्टरची सवय

आपल्या किनाऱ्यावर ज्याला ‘फायबर’चे काम म्हणतात ते प्रामुख्याने पॉलिएस्टर रेझिनवर चालते, आणि ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांच्या काही चांगल्या सवयी इपॉक्सीवर घातक ठरतात. थर चढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, मेण न घातलेल्या पॉलिएस्टरचा वरचा पापुद्रा हवेतील ऑक्सिजनमुळे पूर्ण सुकत नाही आणि तसाच चिकट राहतो. कारागिराला तो चिकटपणा हवाच असतो, कारण पुढचा थर त्यातच मिसळतो. म्हणून तेथे चिकट पृष्ठभाग म्हणजे तयार पृष्ठभाग, आणि फार तर धूळ बसली असेल तर ॲसिटोनचे फडके, एवढेच शास्त्र पुरते.

इपॉक्सीत मात्र कडक झालेल्या थरावर हाताला लागणारा बुळबुळीतपणा ही वेगळीच वस्तू असते. इपॉक्सीचा हार्डनर हा अमाईन वर्गातला असतो. त्यातील थोडे अमाईन रेझिनशी जोडले जाण्याआधी पृष्ठभागावर येते, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांच्याशी संयोग पावते, आणि त्यापासून कार्बामेट जातीच्या क्षारांचा एक मेणचट थर तयार होतो. या थराला कामावरची मंडळी ‘ब्लश’ म्हणतात. तो कधी पांढुरक्या धुक्यासारखा दिसतो, कधी मुळीच दिसत नाही, पण हात फिरवला तर तुपाचे बोट लागल्यासारखा वाटतो. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि ॲसिटोनमध्ये नीट विरघळत नाहीत. त्यामुळे ॲसिटोनचे फडके त्यांना उचलत नाही, नुसते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पसरवते. माझ्या तळाला नेमके हेच झाले होते.

दुसरी सवय हार्डनरच्या प्रमाणाची. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक थेंबांनी कमीजास्त करून काम लवकर किंवा उशिरा सुकवता येते. इपॉक्सीचा हार्डनर हा उत्प्रेरक नसून रेझिनचा जोडीदार आहे आणि तो सगळाच्या सगळा थराचा भाग होतो. लवकर सुकावे म्हणून तो वाढवला तर उरलेले अमाईन कोठेही जोडले न जाता तसेच राहते, थर मऊ पडतो आणि ब्लश अधिक येतो. प्रमाण डब्यावर लिहिलेले असते तेच पाळावे आणि ते वजनाचे आहे की मापाचे, हे दोनदा वाचावे, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्याने वजनातले प्रमाण मापाने घेतले तर मिश्रण बिघडते. वेग बदलायचा असेल तर हार्डनरची जात बदलावी. उन्हाळ्यात मंद हार्डनर घ्यावा आणि थंडीत जलद घ्यावा.

अंगठ्याचे घड्याळ

पृष्ठभागाची तयारी करायची की नाही, हा प्रश्न आधी वेळेचा आहे. मिश्रण द्रवातून चिकट, चिकटातून रबरी आणि रबरीतून कडक अशा अवस्थांतून जाते. चिकट ते रबरी या टप्प्यात थराच्या पृष्ठभागावर अजून न जोडलेले रेणू शिल्लक असतात, आणि त्या वेळात वरून नवा हात दिला तर दोन्ही थर रासायनिकरीत्या एकच होतात. तेव्हा धुणे, घासणे यांपैकी काहीही लागत नाही. ही मुदत एकदा टळली की नवा हात जुन्याला फक्त ओरखड्यांच्या आधाराने धरू शकतो, आणि ते ओरखडे आपल्यालाच पाडावे लागतात.

मुदत ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा अंगठा अधिक विश्वासू आहे. हातमोजा घातलेला अंगठा पृष्ठभागावर हलका दाबावा. रेझिन मोज्याला लागून आले तर ते अजून ओले आहे, आणि उभ्या बाजूंवर आताच दुसरा हात दिला तर दोन्ही मिळून ओघळतील. ठसा उमटतो, पिकल्या फणसाच्या चिकासारखी पकड जाणवते, पण मोजा कोरडा सुटतो, ही उत्तम वेळ. नखानेही खूण उमटत नसेल तर मुदत संपली असे धरावे आणि मनाची समजूत घालत बसू नये.

ही मुदत किती तासांची, हे हार्डनरवर आणि तापमानावर अवलंबून असते. ढोबळमानाने तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ज्या मिश्रणाला वीस अंशांवर नवा हात घेण्याच्या अवस्थेस यायला आठ तास लागतील, ते तीस अंशांवर चार तासांतच तेथे पोहोचेल आणि पुढे तितक्याच घाईने निघूनही जाईल. थंड देशांतल्या माहितीपत्रकांतले तास येथे जसेच्या तसे धरू नयेत, हे यातले तात्पर्य. कामाच्या पहिल्या दिवशी प्लायच्या एका तुकड्यावर तेच मिश्रण त्याच वेळी लावून तो तुकडा होडीशेजारी ठेवावा आणि अंगठ्याची परीक्षा त्याच्यावर करावी, म्हणजे होडीवर ठशांची रांगोळी उमटत नाही.

यावरून कामाचा क्रम असा सुचतो की मध्ये एकच मोठा खंड ठेवावा आणि तो मुद्दाम पहिल्या हातानंतर ठेवावा. कोऱ्या लाकडात हवा असते, आणि लाकूड तापत असताना हात दिला तर ती फुगून थरात बुडबुडे काढते. म्हणून पहिला हात दुपारी, तापमान चढून उतरणीला लागल्यावर, साधारण दोन-तीनच्या सुमारास द्यावा, म्हणजे लाकूड निवताना हवा आत ओढली जाते आणि रेझिनही तिच्यामागे आत मुरते. या हाताने प्लायचे तंतू ताठ उभे राहतात, त्यामुळे तो कडक झाल्यावर घासावा लागणारच असतो. तेव्हा त्याला रात्रभर सुकू द्यावे, दुसऱ्या दिवशी सकाळी धुवावे आणि घासावे, आणि मग दहाच्या सुमारास कापड चढवून वीण बुजवणारे हात त्याच दिवशी अंगठ्याच्या हिशेबाने एकामागून एक द्यावेत. लाकूड आता बंद झालेले असल्याने बुडबुड्यांची भीती उरलेली नसते.

वीण बुजवण्याचे हात दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचा मोह होतो, कारण पाठ दुखू लागलेली असते. पण वीण उघडी असलेले कापड धुणे कठीण, कारण ब्लश खळग्यांत बसतो, आणि घासणे त्याहून कठीण, कारण कागद खळग्यांपर्यंत पोहोचण्याआधी उंच आलेल्या काचेच्या तंतूंनाच कापतो. होडी मोठी असेल आणि एका दिवसात झेपणार नसेल, तर अर्धी होडी घ्यावी, पण तिचे सगळे हात पूर्ण करावेत.

पाणी आधी, कागद नंतर

मुदत टळली असेल, म्हणजे थर कडक होऊन रात्र उलटली असेल, तर पहिले काम धुण्याचे. कागद घासला की ब्लशही निघून जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. मेणचट थर कागदाच्या दाण्यांत भरतो, घर्षणाच्या उष्णतेने मऊ होतो आणि आपण पाडलेल्या ताज्या ओरखड्यांतच दाबला जातो. म्हणजे ज्या खाचांत नवा थर रुतून बसायचा, त्याच आपण आधी मेणाने भरून टाकतो. पाण्यानंतर कागद, हा क्रम कोणत्याही घाईत उलटा करू नये.

धुण्यासाठी गोडे, स्वच्छ पाणी घ्यावे. खाडीचे तर नाहीच, पण किनाऱ्यालगतच्या बऱ्याच बोअरवेलचे पाणी मचूळ असते, तेही टाळावे. वाळल्यावर मागे राहणारे मीठ दोन थरांच्या मध्ये अडकले तर पुढे तेच बाहेरून बाष्प ओढून घेते आणि तेथे फोड येतात. पाणी कोमट असेल तर अधिक चांगले. भांडी घासण्याची हिरवी स्कॉच-ब्राइट नवी, कोरी घ्यावी. स्वयंपाकघरातली वापरलेली नको. साबणाची गरज नसते, आणि सुगंधी किंवा कपडे मऊ करणारे द्रव तर मुळीच वापरू नये.

एका वेळी हात पुरेल एवढाच, साधारण दोन फूट गुणिले दोन फूट भाग घ्यावा. पाण्यात बुडवलेल्या स्कॉच-ब्राइटने तो गोलाकार, थोडा जोर लावून घासावा, आणि पाणी वाळायच्या आत ते स्वच्छ सुती फडक्याने किंवा साध्या पांढऱ्या कागदी रुमालाने टिपून घ्यावे. हे टिपणे हाच धुण्याचा खरा भाग आहे. क्षार पाण्यात विरघळले तरी पाणी जागच्या जागी वाळले तर ते पुन्हा तेथेच बसतात. त्यानंतर दुसऱ्या बादलीतील ताज्या पाण्याने तोच भाग पुसून पुन्हा टिपावा. बादलीतले पाणी गढूळ दिसेपर्यंत वाट पाहू नये, दर दोन-तीन चौरस मीटरला ते बदलावे. जुने बनियन आणि धोतरे फडकी म्हणून छान असतात, पण ती कपडे मऊ करणाऱ्या द्रवात धुतलेली नसावीत.

काम झाले की नाही, हे पाणीच सांगते. धुतलेल्या भागावर स्वच्छ पाण्याचा हबका मारावा. पाणी सलग पत्र्यासारखे पसरून राहिले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते अळवावरच्या पाण्यासारखे थेंबाथेंबांनी गोळा झाले तर तेथे अजून काही तरी आहे, ब्लश असेल किंवा तेल असेल. तेलाचा संशय आपल्याकडे विशेष बाळगावा, कारण केसांना लावलेले खोबरेल कपाळावरच्या घामाबरोबर खाली येते आणि त्याच हाताने पुसले जाते. घासण्यापूर्वी एकदा आणि घासून धूळ काढल्यावर एकदा, अशी ही परीक्षा दोनदा करावी. फक्त कोऱ्या लाकडावरच्या पहिल्या हातावर ती जपून करावी. तेथे थर पातळ असतो आणि कडांवर लाकूड उघडे राहिलेले असू शकते, म्हणून तेथे पाण्याचा हबका न मारता ओल्या स्कॉच-ब्राइटवरच भागवावे आणि लगेच कोरडे करावे.

घासणे

धुतलेला पृष्ठभाग पूर्ण वाळल्यावर कागद हातात घ्यावा. पुढच्या इपॉक्सीच्या हाताला धरून ठेवण्यासाठी ८० ग्रिटचा कागद योग्य. त्याचे ओरखडे डोळ्याला खडबडीत वाटतात, पण नवा थर ते बुजवतो. पहिल्या पातळ हातावर १२० ग्रिट घ्यावा, कारण तेथे फक्त उभे राहिलेले तंतू खाली बसवायचे असतात, लाकूड उघडे पाडायचे नसते. त्याहून बारीक कागदाने इपॉक्सीच्या दोन हातांच्या मध्ये घासणे म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत करून पकड कमी करणे होय. फर्निचरच्या पॉलिशची सवय असलेल्या सुतारांना हे पटवावे लागते.

घासून होत असताना कागदावर काय जमते, ते पाहावे. कोरडी, पांढरी, पिठासारखी भुकटी पडली तर थर घासण्याजोगा कडक झाला आहे. भुकटीऐवजी कागदाला गोळ्या चिकटत असतील, तर एक तर ब्लश राहिला आहे किंवा थर अजून हिरवा, म्हणजे अर्धवट सुकलेला आहे. पहिल्या कारणाला पुन्हा धुणे आणि दुसऱ्याला आणखी एक दिवस, हे उपाय आहेत. हिरव्या थराची धूळ अंगालाही वाईट. अर्धवट जोडलेल्या अमाईनमुळे त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती बहुधा जन्मभर सोबत राहते, मग इपॉक्सीच्या शेडमध्ये पाऊल टाकणेही अवघड होते. म्हणून चांगला घट्ट बसणारा धुळीचा मास्क, नायट्राइलचे मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हे उकाड्यातही सोडू नये. हाताला रेझिन लागले तर थिनरने किंवा ॲसिटोनने धुऊ नये, त्याने ते त्वचेच्या आत शिरते. साबण आणि पाणी वापरावे.

किती घासायचे, याचे उत्तर चकाकीत आहे. पृष्ठभागावर एकही चकचकीत ठिपका राहता कामा नये, कारण चकचकीत जागा म्हणजे कागद न पोहोचलेला खळगा, आणि नवा थर सुटायला सुरुवात होते ती अशाच जागेपासून. दिव्याच्या तिरप्या उजेडात हे चांगले दिसते. घासण्याआधी पेन्सिलीने सर्वत्र आडव्या-तिरप्या रेघा मारून ठेवल्या, तर जेथे रेघ उरते तेथे कागद लागला नाही हे कळते. खोल खळगे कागदाच्या पाठीमागे लागून घासत बसण्यापेक्षा त्यांना स्कॉच-ब्राइटने किंवा घडी घातलेल्या कागदाच्या टोकाने खरवडावे आणि पुढच्या हाताने भरू द्यावे.

उलट बाजूची चूक म्हणजे फार घासणे. ऑर्बिटल सँडर, म्हणजे घासण्याचे विजेचे यंत्र, सपाट भागांवर उत्तम काम करतो, पण फळ्यांच्या कडा आणि तळाचा कणा यांवर तो काही सेकंदांत कापडापर्यंत पोहोचतो. त्या जागा हातानेच घ्याव्यात. भुकटीत चमचमणारे काचेचे तंतू दिसू लागले किंवा वीण पुन्हा उमटली, की थांबावे. ग्रायंडरवर सँडिंगची चकती लावून काम उरकण्याचा आग्रह धरणारे भेटतात. मी तो फक्त वाळलेले मोठे ओघळ काढण्यासाठी आणि तेही नाइलाजाने चालवू देतो, कारण साध्या तापमानाला सुकलेले इपॉक्सी साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि चकतीखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता निर्माण होते. ओघळांसाठी धारदार पातीचे स्क्रेपर अधिक सभ्य आहे. तळाच्या वळणावर प्लायची दोन फुटी लवचिक पट्टी घेऊन तिला कागद चिकटवावा, म्हणजे बोटांचे खड्डे पडत नाहीत.

पूर्ण कडक झालेल्या आणि सलग बंद असलेल्या पृष्ठभागावर वॉटर पेपरने ओले घासणे हा एक चांगला मार्ग आहे. त्यात धुणे आणि घासणे एकदमच होते आणि धूळ उडत नाही. मात्र प्रत्येक भागातील राखाडी पाणी वाळायच्या आत टिपून घेण्याचा नियम येथेही तसाच लागू आहे.

धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावी आणि मग ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्यासोबत तेलाचे आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात. ॲसिटोनचे फडके या टप्प्यावर फिरवायचेच असेल, तर एका हातात ओले आणि दुसऱ्यात कोरडे ठेवून द्रव उडून जाण्याआधी पुसून घ्यावे. दमट दिवशी ते न केलेलेच बरे, कारण वेगाने उडणारे ॲसिटोन पृष्ठभाग थंड करते आणि त्यावर हवेतले बाष्प जमते. घासून झालेल्या जागेला उघडा हात लावू नये आणि नवा हात त्याच दिवशी द्यावा.

दवबिंदू

ब्लश अधिक येतो तो दमट आणि गार हवेत, म्हणजे थर मंदपणे सुकत असताना. कोकणातली हवा गार क्वचितच असते, पण दमट बहुधा असतेच, आणि प्रश्न रात्री व पहाटे निर्माण होतो. साध्या हायग्रोमीटरवर तापमान आणि आर्द्रता दोन्ही दिसतात, आणि त्यांवरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प दव होऊन बसू लागते तो अंश, काढता येतो. हवा तीस अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. आर्द्रता ९० टक्के झाली की तो २८ अंशांच्या पुढे जातो. होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी उबदार असल्याशिवाय हात देऊ नये, हा नियम रंगकामातही पाळला जातो. म्हणजे पहिल्या उदाहरणात काम चालेल आणि दुसऱ्यात थांबवावे लागेल. हेच गणित हात सुकत असतानाही लागू असते, म्हणून शेवटचा हात असा द्यावा की सूर्यास्तापूर्वी तो निदान रबरी झालेला असेल. रात्री ताडपत्री थेट होडीवर टाकू नये. तिच्या आतून दव ठिबकते. चार बांबूंवर उंच टाकावी.

हवा कोरडी करण्यासाठी शेडमध्ये रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी पेटवणे ही भली कल्पना वाटते. प्रत्यक्षात जळणातून बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही, म्हणजे ब्लशला लागणारी नेमकी सामग्री, आपण स्वतः पुरवतो. विजेचे दिवे किंवा हीटर वापरावे. जून ते सप्टेंबर मी बाहेरचे हात देत नाही. आतले फिलेट, छोटे भाग, वल्ही यांवर वेळ घालवतो. याचा अर्थ ही हवा इपॉक्सीला मानवतच नाही असा नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘म्हादेई’ ही लाकडी गाभ्यावर काचकापड आणि इपॉक्सी चढवलेली शिडाची नौका आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती केली. थर एकमेकांना धरून असले तर याच किनाऱ्यावरचे काम दक्षिण महासागरातही टिकते.

पील प्लाय

धुण्याघासण्याचे कष्ट वाचवणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे पील प्लाय. हे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे बारीक विणीचे कापड ओल्या काचकापडावर पसरून रोलरने त्यातून रेझिन वर येऊ द्यायचे, आणि थर कडक झाल्यावर ते सोलून काढायचे. ब्लश या कापडावर येतो आणि त्याच्याबरोबर निघून जातो, आणि खाली एकसारखा, विणीचा ठसा उमटलेला, मंद पृष्ठभाग राहतो. सांध्यांवरच्या काचपट्ट्यांच्या कडा त्याखाली आपोआप सपाट बसतात, एवढ्याचसाठीही मी ते वापरीन. दुहेरी वळणाच्या नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, मात्र त्याला चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीखाली रेझिनचा बांध उभा राहतो, म्हणून तेथे अरुंद पट्ट्या कापून घ्याव्यात. बाजारातले अस्तराचे नायलॉन चालते की नाही, हे आधी तुकड्यावर सोलून पाहावे, आणि सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा लेप असलेले सुळसुळीत कापड दुसऱ्या थराखाली कधीही वापरू नये. जेथे पुढे भार घेणारा जोड बसणार आहे, उदाहरणार्थ डोलकाठीचा तळ किंवा सुकाणूची बिजागरी, तेथे पील प्लाय काढल्यावरही ८० ग्रिटचा एक हलका हात मारावा.

एक परीक्षा मोडून पाहण्याची

हे सारे पटत नसेल तर वीतभर लांबीचे प्लायचे चार तुकडे घ्यावेत. सर्वांना एकाच डब्यातून इपॉक्सीचा हात देऊन रात्रभर उघड्यावर, दव पडेल अशा जागी ठेवावे. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे न धुता समोरासमोर इपॉक्सीने चिकटवावेत, आणि उरलेले दोन धुऊन, ८० ग्रिटने घासून चिकटवावेत. आठवडाभराने दोन्ही जोड पटाशी घालून उकलावेत. नीट केलेल्या जोडात इपॉक्सी सुटत नाही, प्लायचे लाकूडच फाटते आणि दोन्ही बाजूंना तंतू चिकटलेले दिसतात. न धुतलेल्या जोडात चकचकीत फट उघडते. नव्या मदतनिसाला मी तोंडी काही सांगण्याआधी हे दोन तुकडे हातात देतो.

रंगाच्या आधी

शेवटच्या हातानंतर पुढचा थर रंगाचा असतो, आणि तो चढवावाच लागतो, कारण उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुकटी होते. येथे घाई नको. साध्या तापमानाला इपॉक्सी पूर्ण पक्के होण्यास आठवडा ते दोन आठवडे लागतात, तेवढे द्यावेत. मग वर सांगितल्याप्रमाणे धुवावे, ८० ग्रिटने पातळी साधावी आणि प्रायमरसाठी १२० ते १८० ग्रिटने उरकावे. तेलरंगाचा साधा एनॅमल थेट इपॉक्सीवर लावायचा असेल, तर आधी कोपऱ्यात वीतभर लावून पाहावे. उरलेले अमाईन अशा रंगाच्या सुकण्यात व्यत्यय आणू शकते, आणि तो आठवडाभरानेही बोटाला चिकटत राहतो. नमुना दोन दिवसांत नीट वाळला नाही तर तो खरवडून काढावा, जागा पुन्हा धुऊन घासावी, आणि मध्ये दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा एक हात देऊन मगच रंग उघडावा.